अँटिनोरींच्या सव्वीस पिढ्या

बडोद्यात बसून वाइनवर लिहायचं म्हणजे गंमतच, परमिट नसेल तर थेंब मिळायचा नाही. पण मला चवीपेक्षा त्या घराण्याचंच जास्त कौतुक वाटतंय. इटलीत फ्लॉरेन्सला अँटिनोरी म्हणून फॅमिली आहे, त्यांच्यातला जोवान्नी १३८५ साली तिथल्या वाइनवाल्यांच्या संघात दाखल झाला आणि आज २६वी पिढी तोच धंदा करतेय. १३८५! शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अडीचशे वर्षं अवकाश होता.

फ्लॉरेन्समधला त्यांचा वाडा १५०६ पासून त्यांच्याकडेच आहे. त्या शहरातल्या जुन्या वाड्यांना रस्त्याच्या बाजूला देवळीएवढं एक भोक असतं, त्यातून मालक घरची वाइन थेट गिऱ्हाइकाला विकायचे, मधे दुकानदार नाहीच. १६३० च्या सुमारास प्लेग आला तेव्हा हेच भोक कामाला आलं, हात लागू नये म्हणून पैसे धातूच्या पळीवर घ्यायचे आणि व्हिनेगरमध्ये बुडवायचे. कोविडमध्ये आपण सॅनिटायझर घेऊन बसलो होतो ना, तेच.

आता वाइन. किआन्ती ही तिथली नावाजलेली लाल वाइन, त्या नावाने विकायची तर लाल द्राक्षांत थोडी पांढरी घालायचीच असा तिथे नियम होता. पिएरो अँटिनोरीने १९७१ ची टिन्यानेल्लो नावाची वाइन काढली ती सांजोवेझे या लाल द्राक्षाची, छोट्या ओक पिंपांत मुरवलेली, पुढे तिच्यात काबर्ने हे दुसरं लाल द्राक्ष पण आलं आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षं साफ बंद. मग लेबलवर काय, तर साधी टेबल वाइन, म्हणजे कागदोपत्री सगळ्यात खालचा दर्जा, आणि भाव मात्र किआन्तीपेक्षा चढा! इतक्या जुन्या घरातल्या माणसाने हे करावं हे मला फार आवडलं. १९७८ ला काबर्ने जास्त झालं म्हणून त्याची वेगळी वाइन केली, ती सोलाया, आज ती टिन्यानेल्लोपेक्षाही महाग आहे.

पण भाऊबंदकी तिथेही चुकली नाही हां. १९८० च्या दशकात पिएरोच्या भावंडांना धंद्यात रस उरला नाही, त्यांचा हिस्सा व्हिटब्रेड या ब्रिटिश बिअर कंपनीकडे गेला, आणि पिएरोने १९९१ मध्ये तो परत विकत घेतला. दांडिया बाजारातले वाडे वाटण्या होऊन बिल्डरच्या घशात जाताना बघितलेत ना, त्यामुळे गेलेला हिस्सा परत आणणारा माणूस मला तरी त्या १३८५ वाल्यापेक्षा मोठा वाटतो.

आणि पिएरोला मुलगा नाही, तीन मुली. आमच्याकडे असतं तर आत्याबाईंनी कधीच विचारलं असतं, आता पुढे बघणार कोण. तिथे थोरली अल्बिएरा कंपनीची प्रेसिडेंट आहे आणि धाकट्या दोघी, अलेग्रा आणि अलेसिया, पण धंद्यातच आहेत.

बडोद्यात चार-पाच पिढ्या एकाच धंद्यात असलेली मराठी घरं माहितीत असतील तर सांगा, भेटायला आवडेल.