पुस्तकाला रेंज नाही

आमच्या ऑफिसच्या तक्रारवहीत त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर ‘पुस्तकाला रेंज नाही’ अशी नोंद होती. डोंबिवलीतील एका केबलचालकाच्या इंटरनेट जोडण्यांची देखभाल मी करतो. टीव्ही मध्येच अडकतो, मोबाईलला स्पीड मिळत नाही, या तक्रारी रोजच्याच. पण फोन घेणाऱ्या मुलीने ग्राहकाचे शब्द इतके जसेच्या तसे उतरवलेले मी प्रथमच पाहत होतो.

दार उघडले ते एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी. छापील अक्षर डोळ्यांना झेपेनासे झाल्यावर अमेरिकेतील मुलाने त्यांना तिकडून एक ई-रीडर आणून दिला होता आणि अक्षर बोटभर मोठे करून त्या रोज दुपारी त्यावर वाचत असत. “अरे, शुक्रवारी दिवे गेले होते ना, तेव्हापासून याला आपलं वाय-फाय दिसतच नाही,” असे त्यांनी मला दारातच सांगितले. “बघतो, काकू,” असे म्हणून मी चपला काढल्या आणि ते वाक्यही बहुधा तिथेच ठेवून आत गेलो.

नेहमीचे उपाय दहा मिनिटांत संपले. एअरप्लेन मोड बंदच होता. पॉवरचे बटण बराच वेळ दाबून धरून यंत्र रीस्टार्ट केले, तरी फरक पडला नाही. वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांची सहा नावे दिसत होती आणि हाताच्या अंतरावर असलेल्या घरच्या राउटरचे नाव मात्र नव्हते. पासवर्ड चुकला असता तर नाव दिसून जोडणी नाकारली गेली असती. इथे नावच नव्हते. जुन्या ई-रीडरांना वाय-फायच्या लहरींचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, म्हणून राउटरवर तो बंद पडला असेल अशी शंका आली, पण काकूंचा जुना मोबाईल त्याच पट्ट्यावर सुरळीत चालला होता.

शेजारच्या मुलाने आदल्या दिवशी फॅक्टरी रीसेटचा सल्ला दिला होता आणि खरे सांगायचे तर मीही त्याच बटणापर्यंत पोहोचलो होतो. तेवढ्यात ध्यानात आले की रीसेटनंतर आतली सगळी पुस्तके जातील, ती परत उतरवून घ्यायला वाय-फाय लागेल, आणि वाय-फाय तर दिसतच नाही. वाचता येत होते तेवढेही मी बंद पाडले असते. ‘होय’ आणि ‘नाही’ यांतले ‘नाही’ मी फार काळजीपूर्वक दाबले.

मग माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट २.४ वर चालू केला, आणि त्याचे नाव यादीत ताबडतोब आले. म्हणजे यंत्र धडधाकट, राउटरही धडधाकट, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. मोबाईलवर वाय-फाय तपासण्याचे ॲप आहे. त्यात प्रत्येक नेटवर्क एकेका टेकाडासारखे दिसते. १, ६ आणि ११ या चॅनेलांवर, म्हणजे त्या पट्ट्यातल्या क्रमांक दिलेल्या जागांवर, टेकाडांची दाटी होती आणि आमचे टेकाड अगदी उजव्या टोकाला, चॅनेल १३ वर होते. त्याच्याच शेजारी, १३ वरच, वरच्या मजल्यावरचे एक जोरदार नेटवर्क होते. मी ई-रीडरची यादी पुन्हा पाहिली. तेही नाव तिथे नव्हते.

२.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणे मात्र सहसा ११ पर्यंतच ऐकतात. चॅनेल ११ चा मध्य २४६२ मेगाहर्ट्झवर, १३ चा २४७२ वर. एवढ्या दहा मेगाहर्ट्झपलीकडे या पुस्तकाला जगच नव्हते. आणि राउटरचे चॅनेल ‘ऑटो’वर होते. शुक्रवारी वीज परत आली तेव्हा त्याने आजूबाजूची गर्दी चाचपली आणि तुलनेने मोकळी जागा पाहून १३ वर बस्तान मांडले. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. काकूंनी दारातच निदान सांगितले होते, आणि मी पाऊण तास यंत्राला विचारत बसलो होतो.

राउटरमध्ये जाऊन ‘ऑटो’ काढले. ११ पर्यंतच्या चॅनेलांत १, ६ आणि ११ हीच तीन एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांतलेच एक निवडायचे होते. ११ वर त्यातल्या त्यात कमी गर्दी होती, ते पक्के केले. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर यादीत घरचे नाव सगळ्यात वर आले. अडकून पडलेले पुस्तक उतरू लागले, तसा काकूंनी चष्मा पुसला आणि चहाचे विचारायचे विसरून थेट पहिले पान उघडले.

काम झाल्याच्या नोंदीत ‘दोषाचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात इनमीन दोन-तीन शब्द मावतात, म्हणून मी ‘पुस्तक अमेरिकेचे’ असे लिहिले. संध्याकाळी ऑफिसातल्या मुलीने तेही जसेच्या तसे उतरवून घेतले.