रूट कडक आहे म्हणे!

"रूट एकदम कडक आहे, बिनधास्त जा," असं आमचा मित्र म्हणाला होता. तो खोटं बोलला नव्हता, हे आता कळतंय. तो गेला होता सकाळी आठला, पारा शून्याच्या खाली असताना, आणि तेव्हा जमीन खरोखरच दगडासारखी कडक होती. आम्ही चौघं निघालो साडेअकराला. तेवढ्यानं २६ किलोमीटरच्या सायकल राइडला साडेपाच तास लागले. पाय अजून ठणकतायत, त्यामुळे भाषा तिखट झाली तर चालवून घ्या.

पहिले १४ किलोमीटर उत्तम. रुंद रस्ता, बेताचा चढ, गप्पा. पुढे.

चढ संपला की झाडीत एक सिंगल ट्रॅक, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट, फुटतो. लांबी जेमतेम दोन किलोमीटर. मला बोलायचंय ते याच दोन किलोमीटरबद्दल, कारण निम्मा दिवस तिथेच गेला.

थंडीत जमीन गोठते. दुपारी ऊन तापलं की वरची दोन-तीन बोटं माती वितळते, खालचा थर मात्र तसाच गोठलेला राहतो, त्यामुळे पाणी खाली मुरायला जागाच नाही. वर लोणी, खाली फरशी. पावसाळी चिखलात टायर निदान रुततो आणि खाली कुठेतरी धरतो. इथे धरायलाच काही नाही. त्यात झाडाखालची ओली पानं. गाऱ्यात भुसा कालवावा तसा माल तयार होतो आणि तो टायरवर थरावर थर चढत जातो. शंभर मीटरवर माझं मागचं चाक फिरायचंच थांबलं. फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये बोट जायला जागा उरली नव्हती. काटकीनं उकरलं, दहा पावलं गेलो, पुन्हा तेच. काटकी मोडते. प्लॅस्टिकचा रुंद टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) बरा, तो बॅगेत नको, खिशात हवा.

अशा वेळी जोर लावू नका. आमच्यातल्या एकानं लावला. मागच्या गिअरमध्ये पानांचा बोळा अडकलेला, यानं उभं राहून पेडल मारलं आणि कट्! डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या तुकड्यानं फ्रेमला जोडलेला असतो तो हँगर आत वाकला. तिथून पुढे त्यानं सगळ्यात मोठ्या दातचक्राला हात लावला नाही, कारण हँगर आत वाकलेला असताना त्या गिअरवर गेलं की डिरेलर थेट आऱ्यांत घुसतो. जादा हँगर चाळीस ग्रॅमचाही नसतो. चौघांकडे मिळून एकही नव्हता. शिवाय बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा चालेल या भरवशावर राहू नका.

क्लीटवाले, म्हणजे पेडलमध्ये अडकून बसणारे बूट घालणाऱ्यांसाठी: खाच चिखलानं भरली की पाय आत बसत नाही, आणि एकदा बसला की बाहेर येत नाही. मी जागच्या जागी, शून्य वेगात, अत्यंत सावकाश आडवा झालो. बाकीच्यांनी आधी फोटो काढले, मग हात दिला. या दिवसांत साधी चपटी पेडलं लावा.

शेवटी सायकली खांद्यावर घेतल्या. दोन किलोमीटरला पावणेदोन तास. माझा निकाल ऐका: गोठलेलं असेल तर हा पट्टा अप्रतिम, पूर्ण कोरडा असेल तर ठीक, वितळत असेल तर अजिबात नको. वाटेच्या तोंडाशी टाच दाबून बघा. टाच रुतली तर रुंद रस्त्यानंच पुढे जा, लांब पडला तरी. आणि हे फक्त तुमच्या सोयीसाठी नाही. आम्ही पाडलेल्या चऱ्या रात्री गोठल्या असणार, आणि दुसऱ्या सकाळी आलेल्यांनी आमचा उद्धार केला असणार. रास्तच आहे.

पुढचा उतार एरवी मजेचा असेल. आम्ही घामानं भिजलेले, सूर्य कलता आणि समोरून वारा. बोटं इतकी बधिर की ब्रेक दाबला गेला की नाही, ते सायकल हळू झाल्यावरच कळायचं. त्यात माझे मागचे ब्रेक पॅड संपले, धातूवर धातू घासल्याचा आवाज जंगलभर. वाळूमिश्रित चिखलात रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात, हिवाळ्यात मेटलचे घाला. मुळं ओली असतील तर त्यांना काटकोनात भिडा, वर असताना ब्रेक दाबू नका. आणि हवा घरातून भरून निघू नका: उबदार खोलीत, २० अंशाला, २५ पीएसआय भरली तर शून्य अंशाला त्यातली अडीच-एक कमी दिसते. बाहेर, सायकल गार झाल्यावर मोजा.

पाचला पबच्या दारात पोचलो तेव्हा पूर्ण अंधार. सल्लागार मित्र शेकोटीजवळ, कोरड्या मोज्यांत बसलेला. त्याचं घर तिथून पायी पाच मिनिटांवर. "कडक होता ना?" कुणीच उत्तर दिलं नाही.

इथे दोन गोष्टी. एक, आधी ओला टीशर्ट आणि मोजे बदला, मग बसा. बिअरनं ऊब वाटते ती फसवी असते, रक्त कातडीकडे धावतं आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. ओल्या कपड्यांत तर विचारूच नका. दुसरी, गाडी पबपाशी लावून सायकलनं सुरुवातीच्या जागी जा. आम्ही उलट केलं होतं. गाड्या सहा किलोमीटरवर, अंधार, थंडीनं निम्म्यावर आलेल्या लाइटच्या बॅटऱ्या, आणि पुढे दोन तासांचं ड्रायव्हिंग. म्हणजे पबमध्ये जाऊन आम्ही चौघांनी कॉफी घेतली. समोर बसून त्यानं दुसरा ग्लास मागवला.