लेट

रविवार, रात्रीचे अकरा

सकाळी भाच्याबरोबर बॅडमिंटन. पंधरा-पंधरावर गेम आलेला आणि शेजारच्या कोर्टावरचं शटल टपकन आमच्यात येऊन पडलं. भाचा ओरडला, "लेट, मामा! पुन्हा!" मी शटल परत करत विचारलं, "लेट म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "म्हणजे जाऊ दे, सोडून दे तो पॉइंट." पटलं. इतकी वर्षं मीही तेच समजत होतो.

दुपारी पासपोर्टची मुदत बघायला तो कपाटातून काढला. आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावे जी विनंती छापलेली असते, ती कधी नीट वाचलीच नव्हती. इंग्रजीत 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' आणि त्याच मजकुराच्या हिंदीत 'बिना रोक-टोक'. म्हणजे इथे लेट म्हणजे रोक! भाच्याचं 'जाऊ दे' गेलं बाराच्या भावात.

मग कॉलेजातलं 'हॅम्लेट' आठवलं. बापाचं भूत खुणावतंय, मित्र हॅम्लेटला धरून ठेवतायत आणि तो खवळून म्हणतो की जो मला लेट करेल त्याचंच भूत करून टाकीन. तेव्हा मी बाकावर बसून बुचकळ्यात पडलो होतो. जाऊ देणाऱ्याला कशाला मारतोय हा? सरांना विचारायचं धाडस नव्हतं. नाटक 1600च्या आसपासचं. 1611च्या इंग्रजी बायबलातही पॉल रोमकरांना लिहितो की तुमच्याकडे यायचं पुष्कळदा मनात होतं, पण आजवर 'लेट' झालो. म्हणजे अडवला गेलो.

दुपारची झोप गेली ती गेलीच. शोधत बसलो. मला वाटलं होतं, शब्दाने शतकानुशतकांत कोलांटी मारली असेल. तसं नाही. ही दोन वेगळी क्रियापदं. जुन्या इंग्रजीत एक 'लॅटन', म्हणजे सोडणं, होऊ देणं. दुसरं 'लेट्टन', म्हणजे अडवणं, खोळंबवणं. पुढे शेवटची अक्षरं झिजली आणि दोघांचा उच्चार एकच झाला. एकाच तोंडातून 'जाऊ दे' आणि 'अडव' दोन्ही निघायला लागल्यावर एकाला घर सोडावं लागणारच. गेलं ते अडवणारं. (घर भाड्याने देणारं 'टू लेट' मात्र सोडणाऱ्याच्याच घराण्यातलं. लग्न न झालेल्या पोरांनी चौकशी केली की आमच्याकडच्या घरमालकांना नेमका दुसरा अर्थ आठवतो, ती गोष्ट वेगळी.)

जाता जाता ते दोन ठिकाणी चिकटून राहिलं. कायद्याच्या भाषेत 'हिंडरन्स'चा हात धरून, म्हणजे आपल्या बाजारहाटातल्या हाटासारखं: जोडीदार अर्थ सांभाळतोय म्हणून टिकलेलं. आणि खेळात. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून बरोबर जागी पडली तर 'लेट', कारण चेंडूला वाटेत अडथळा झाला. आमचं आजचं शटलही अडथळाच की.

पण खरी गंमत पुढेच. हे 'लेट्टन' निघालं 'लॅट' या विशेषणापासून. त्याचा अर्थ मंद, रेंगाळणारा. त्याचाच आजचा अवतार म्हणजे 'लेट', उशिरा. अडवणं म्हणजे मुळात उशीर करायला लावणं! इंग्रजांच्या कानाला हे दोन उच्चार वेगळे. आपल्या देवनागरीत मात्र गाडी लेट आणि शटलही लेट, एकाच मात्रेत. हजारेक वर्षांपूर्वीचे भाऊबंद आपण काही न कळता पुन्हा एका पंक्तीला बसवलेत. मला हे इतकं आवडलं की स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. दळण आणायचं होतं, त्याचं काय?"

'प्रिव्हेंट'चीही अशीच काहीतरी भानगड आहे. मूळ लॅटिन अर्थ 'आधी येणं'. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनेत देवाला म्हणतात, आमच्या सगळ्या कामांत आम्हाला 'प्रिव्हेंट' कर, म्हणजे आमच्या पुढे चाल. आता तेच वाक्य वाचून वाटतं, देवाला आडवं पडायला सांगतायत. हे एकच क्रियापद, हे मात्र खरंच पालटलं. पण ते उद्या. गिरणी बंद झाली होती, दळण तसंच पडलंय. पासपोर्ट टेबलावरच आहे, आणि मुदत बघायची राहिलीच.