वीरधवलची जुजबंदी पूर्ण, नाथमाधव अर्ध्यावर

रविवारी दुपारी नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या कादंबरीचा शेवटचा फर्मा (एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा) शिवून झाला, म्हणजे जुजबंदी संपली. आता प्रत दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवली आहे, वर पाटा. उद्यापर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलंय, पण सकाळपासून तीनदा जाऊन बघून आलो.

नव्याने आलेल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. नाथमाधवांच्या मिळतील तेवढ्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाचायच्या आणि जुन्या प्रती हाती आल्या की स्वतः बांधून काढायच्या, असा माझा दोन वर्षांचा उद्योग आहे. आजवर अकरा प्रती जमल्या, सात बांधून झाल्या.

ही प्रत सोलापुरातल्या मंगळवार पेठेत एका रद्दीच्या दुकानात मिळाली. मला बघितल्याबरोबर दुकानदार मामांनी ती गठ्ठ्यातून बाजूला काढली. “सर, पुठ्ठा गेलाय, पण आत सगळं हाय बघा. तुमच्याबिगर कोण नेणार की हे?” पाठ पूर्ण सुटलेली, कडांना कसर लागलेली, आणि पहिल्या चार पानांवर कुणीतरी मायेने सेलोटेप लावलेला. टेप सुकून गळून पडला होता, डिंकाचा पिवळा पट्टा मात्र कागदात मुरला होता. तो डाग मी तसाच ठेवला. काढायला गेलो तर अक्षरंही उचलून येतील.

सोलापूरच्या उन्हाळ्यात अशा कागदाचं काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: दुपारी पान उघडू नका. कागद पापडासारखा होतो, कोपरा दुमडला की तुटलाच. मी पहाटे पाच ते सात काम करतो. जवळ ओला पंचा पसरून ठेवला की हवेत जरा ओल येते आणि पान मऊ पडतं. खळ मैद्याची. जुने बांधणीवाले त्यात किडीसाठी मोरचूद टाकत. मी टाकत नाही, त्याऐवजी रोज वाटीभर ताजी करतो. फाटक्या कडेला जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, बारीक पट्टी लावायची, खळ बोटाने नाही, ब्रशने, आणि आतून बाहेर. पट्टी कापू नका, ओली करून फाडा. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात, ते पानात मिसळून जातात. कापलेली कड कायम वेगळी दिसते, शिवाय पान पुढे तिथेच मोडतं.

आता वाचनाकडे येतो, कारण दाभण हातात असतानाच काही गोष्टी ध्यानात आल्या.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबई. शिकारीचा नाद होता. विशीतच सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. लेखन त्यानंतरचं. ‘प्रेमवेडा’ १९०८, ‘सावळ्या तांडेल’ १९०९, ‘वीरधवल’ १९१३. पुढे ‘रायक्लब अथवा सोनेरी टोळी’सारख्या कादंबऱ्या, आणि १९२१ पासून शिवकाळावरच्या कादंबऱ्यांची स्वराज्यमाला: श्रीगणेशा, स्थापना, कारभार, संकट, परिवर्तन, दुफळी. २१ जून १९२८ ला गेले, तेव्हा वय अवघं ४६.

हे सगळं मी आधीही वाचलेलं होतं. पण मार्चमध्ये हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो, तिथून सिंहगडावर, आणि कल्याण दरवाजाच्या अंगाला उभं राहून खाली पाहिलं. खालून वारा येत होता, टोपी धरावी लागली. घरी येऊन ‘सावळ्या तांडेल’ पुन्हा उघडली. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. अंथरुणाला खिळलेल्या, तिशीही न ओलांडलेल्या माणसाने नायक म्हणून निवडला तो भर दर्यात उभा असलेला गडी! त्या दिवशी मला पुढे चार पानंसुद्धा वाचवली नाहीत.

‘वीरधवल’ला बरेच जण “लहानपणी वाचायची गोष्ट” म्हणून बाजूला ठेवतात. मला ते अजिबात पटत नाही. मराठीत अद्भुताची वाट १८६१ च्या ‘मुक्तामाला’पासून चालत आलेली, इतिहासाची १८७१ च्या ‘मोचनगड’पासून. हरिभाऊ आपट्यांनी इतिहासाची वाट रुंद केली. नाथमाधवांनी आधी अद्भुतावर हात बसवला आणि तोच हात घेऊन ते शिवकाळात शिरले. क्रमाने वाचताना हे स्वच्छ दिसतं. प्रकरण कुठे तोडायचं, कुठलं पात्र किती वेळ नजरेआड ठेवायचं, वाचकाला किती सांगायचं आणि किती झाकायचं, ही सगळी हत्यारं ‘वीरधवल’मध्ये परजलेली आहेत. स्वराज्यमालेत इतिहासाचा लगाम आहे, पण घोडं तेच. आधी स्वराज्यमाला आणि मग ‘वीरधवल’ वाचलंत तर हे निसटतं. माझं पहिल्यांदा तसंच झालं होतं.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये साच्यावर होते. रात्रपाळी नसली की चाळीच्या जिन्यात बसून एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, असं आजी सांगायची. वाचणारा मुद्दाम प्रकरणाच्या शेवटी पुस्तक मिटायचा. या प्रतीच्या शेवटच्या पानावर, मजकुराच्या खाली, पेन्सिलीने मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलंय: “रात्री दोन वाजता संपली.” त्या पानाला मी टिश्यू फक्त मागून लावला.

कापडी पाठ मंगळवारी चढवीन. चादरीच्या कारखान्यातून जाड सुताचा तुकडा मिळाला आहे, गडद लाल. पुठ्ठ्यावर नाव घालणार नाही, मूळ मुखपृष्ठाचा उरलेला तुकडा आतल्या बाजूला चिकटवीन.

एक मदत हवी आहे. माझ्याकडच्या ‘स्वराज्याचा कारभार’मध्ये ९७ ते ११२ ही पानं नाहीत, म्हणजे सातवा फर्मा अख्खा गळालाय. एका विक्रेत्याकडून मागवलेली नवी आवृत्ती ताडून पाहिली, तर तिच्यात मजकूरच कमी केलेला निघाला, त्यामुळे तिचा उपयोग नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयात शनिवारी विचारणारच आहे. कुणाकडे जुनी प्रत असेल तर फक्त त्या सोळा पानांचे फोटो पाठवा. पान सपाट करायला पाठ दाबू नका, अर्धवट उघडून तिरक्या उजेडात काढलेला फोटो मला चालेल.