तुम्ही विचारलंत म्हणून: फौजींना गेटवर का नाही बसवत?

‘पेन्शनवर आलेल्या फौजींना चिपच्या कारखान्याचं काम शिकवून काय होणार? सिक्युरिटीत चिकटवा की.’ निवृत्त फौजींना हे काम शिकवायचा सहा महिन्यांचा कोर्स मी चालवते, त्यामुळे हे ऐकून ऐकून कान किटले. विचारणारे वाईट नसतात. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर एक निवृत्त हवालदार बसलेला असतो, त्यावरून ते बोलतात. तो ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, रडार दुरुस्त करायचा की आणखी काही, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं.

चिपचे कारखाने जिथे येतायत ती साणंद, जागीरोड, धोलेरा ही नावं आता तुम्हाला पाठ आहेत, त्यामुळे ते सोडून देते. अशा ठिकाणी सगळेच इंजिनिअर लागत नाहीत. मशीन उघडून, साफ करून, बंद करून ते ठीक चालतंय हे आकड्यानिशी दाखवणारे टेक्निशियन लागतात. नौदलाच्या लोणावळ्यातल्या आयएनएस शिवाजी प्रशिक्षण केंद्रात इंजिनं शिकलेल्या माणसाला पंप, व्हॉल्व्ह, गेज, इंटरलॉक नवे नसतात. हवाई दलातल्याला हत्यारं मोजून घ्या नि मोजून ठेवा हे सांगावंच लागत नाही. विमानात विसरलेला पाना काय करतो हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. चिपच्या मशीनच्या चेंबरमध्ये विसरलेली ॲलन की त्याच जातीची.

दुसरी मंडळी कौतुक करतात: ‘शिस्त असते हो त्यांच्यात!’ याचा मला जास्त वैताग येतो, कारण हे वाक्य आमच्या पहिल्या माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं. ‘शिस्त तयारच असते, फक्त तंत्र शिकवायचं.’ आता ते काढून टाकलंय. का, ते पुढे येईल.

तिसरा प्रश्न व्हॉट्सॲपवरून येतो: अमेरिकेत 10 दिवसांत तयार करतात, तुम्हाला सहा महिने कशाला? ॲरिझोनातल्या मॅरिकोपा कम्युनिटी कॉलेजांचा क्विक स्टार्ट कोर्स खरंच 10 दिवसांचा, 40 तासांचा आहे. तेवढ्यात ओळख होते. मशीन हाताखाली येत नाही, ते नोकरीत शिकायचं असतं. शिवाय तिथे स्किलब्रिज या फौजींसाठीच्या योजनेत नोकरीच्या शेवटच्या 180 दिवसांपर्यंत लष्कराच्या पगारावर कंपनीत काम शिकता येतं. ते कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता शिस्तीबद्दल. एच (etch) चेंबर म्हणजे जिथे वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती, कोरली जाते. त्याची साफसफाई हा आमच्या कोर्सचा कणा. कोरणारा प्लाझ्मा, म्हणजे विजेने पेटवलेला वायू, ठरावीक तास चालला की भिंतींवर थर बसतो, तो सुटून वेफरवर पडायच्या आत चेंबर उघडावं लागतं. आधी नायट्रोजन भरून पंपाने ओढायचा, पुन्हा भरायचा, असं बऱ्याचदा. मग गॅस, वीज आणि आरएफला (प्लाझ्मा पेटवणाऱ्या रेडिओ लहरींच्या पुरवठ्याला) कुलूप नि टॅग, म्हणजे कोणी चुकून चालू करू नये. झाकण उघडलं की हातातला डिटेक्टर आधी आत, माणूस नंतर. सिरॅमिकचे भाग काढायचे, पाणी आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं, एकाच दिशेने, प्रत्येक फटक्याला कापडाची नवी घडी. मग नवी ओ-रिंग (झाकण हवाबंद करणारी रबराची कडी), झाकण, टॉर्क रेंचने समोरासमोरचे बोल्ट, आणि शेवटी लीक चेक: पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब किती चढतो ते बघायचं. आमची मर्यादा मिनिटाला 2 मिलिटॉर (दाबाचं एकक), म्हणजे 5 मिनिटांत 10.

एका जोडीचे 5 मिनिटांत 30 चढले. जोडीत एक निवृत्त सुभेदार, एक हवालदार. दर मिनिटाला सहा, सहा, सहा, सहा, सहा. हे वाचता येणं म्हणजे निम्मं काम. भिंतीवर पाणी राहिलं असेल तर दाब सुरुवातीला भराभर चढतो आणि मग मंदावतो. सरळ रेषेत चढला तर बाहेरून हवा येतेय. दोघांनीही हे बरोबर ओळखलं. इथवर मी खूश होते.

मग सुभेदारांनी बोल्टांना टॉर्कच्या वर आणखी थोडा पीळ दिला. दाब 14 वर आला. जेवणाची सुट्टी जवळ आली होती. ते म्हणाले, ‘लिही दहा.’ हवालदाराने दहा लिहिलं, खाली सही केली. मशीनच्या मेमरीत 14 होते. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा हवालदार मान खाली घालून एवढंच म्हणाला, ‘साहेब म्हणाले.’

झाकण उघडलं. ओ-रिंग खाचेत बसवताना आधी घड्याळातल्या 12, 6, 3 आणि 9 या जागा दाबायच्या, मग त्यांच्या मधल्या. यांनी एका जागेपासून अंगठ्याने गोल दाबत नेली होती. तसं केलं की रबर पुढे सरकत जातं आणि शेवटी वाढीव लांबी उरते. तो फुगवटा त्यांनी दाबून आत कोंबला होता. नखाएवढी जागा, पण तिथे रिंगेला पीळ पडलेला आणि दोन्ही बाजूंनी हवेला वाट. वरून जादा टॉर्कने तो फुगवटा थोडा चेपला, म्हणून 30 चे 14 झाले.

आमच्या चेंबरमध्ये क्लोरीन नसतो. कारखान्याच्या लाइनवर असतो. तिथे हवेतल्या ओलाव्याशी त्याचं आम्ल होतं, धातू गंजतो, गंजाचे कण वेफरवर पडतात. पुढची कण-तपासणी होईपर्यंत 25-25 वेफरच्या किती पेट्या त्या चेंबरमधून जातील, ते गणित मी फळ्यावर मांडलं. सुभेदार शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘मॅडम, तोफ नव्वद टक्के चालत असेल तर आम्ही चालवतो. बंद तोफ कोणाच्या कामाची?’

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. त्यांचं तिथलं म्हणणं चूक नाही. माझी चूक ही, की ज्या सवयीला मी शिस्त म्हणून छापलं होतं, तीच दहा लिहीत होती.

त्यानंतर पद्धत बदलली. गेज वाचणारा आकडा मोठ्याने बोलतो आणि तोच लिहितो. ज्येष्ठाने पेनाला हात लावायचा नाही. आकडा बसला नाही तर ‘थांबलो’ एवढंच सांगायचं, कारण नंतर. अंगभर झाकणाऱ्या बनी सूटमध्ये सगळे सारखे दिसतात, नुसते डोळे, त्यामुळे हुद्दा बाहेर राहील असं वाटलं होतं. राहत नाही. आवाजावरून कळतो.

बाकीच्या अडचणी सोप्या आहेत. विडी ओढून आलेला माणूस नंतर कितीतरी वेळ श्वासातून कण सोडतो, तर ती बाहेर, आणि आत येण्याआधी पाणी. डोक्याला तेल नाही. मिशीला कव्हर, यावर जितका वाद होतो तितका एचएफ (हायड्रोफ्लोरिक) आम्लावर होत नाही, आणि खरं तर उलट व्हायला हवं. विरळ एचएफ लागताक्षणी दुखत नाही, म्हणून त्यावर लावायच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब कुठे आहे ते डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. चाळिशीतल्यांना गॉगलखाली जवळचा चष्मा द्यावा लागतो, नाहीतर रिंगेवरचा चरा दिसत नाही. तोफखान्यातून आलेल्यांची श्रवणचाचणी मी आधी करून घेते. बऱ्याच जणांना वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत, आणि गॅसचा अलार्म नेमका तसाच असू शकतो. त्यांना चमकणारा दिवा कुठून दिसतो ते पायांनी चालून पाठ करायला लावते.

अग्निपथमधून 4 वर्षांनी बाहेर पडणारी पंचविशीतली मुलं आली की हुद्द्याचा प्रश्न मिटेल, असं काही जण सांगतात. असेल. पण मग चार्ज देणं-घेणंही विरळ होईल, ही मला धास्ती आहे. 12 तासांची पाळी संपताना जुना हवालदार पुढच्याला मशीनपाशी नेतो, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, कुठला भाग उधार आणलाय, काय अर्धवट राहिलंय ते बोट ठेवून दाखवतो आणि समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत हलत नाही. हे पंचविशीतल्या इंजिनिअरला मी अजून शिकवू शकलेले नाही. हवालदाराला हे ज्या नोकरीने शिकवलं, तिनेच ‘साहेब म्हणाले’ही शिकवलं.

त्या बॅचमधल्या हवालदाराने परवाच्या सरावात लीक चेकला 10 ऐवजी 11 आले म्हणून काम थांबवलं. सुभेदार शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. झाकण उघडलं तर रिंग नीट बसलेली होती. सीलच्या पृष्ठभागावर कापडाचा एक तंतू होता.