गेटवर उभा असलेला बदली

गेल्या महिन्यात घरचे हिशेब नीट मांडून पाहिले, तेव्हा यापुढे मला पगाराची गरज उरलेली नाही हे स्पष्ट झाले. मी ५६ वर्षांची आहे आणि परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत क्षयरोगाच्या संशयितांची थुंकी तपासण्याचे काम ३१ वर्षे करते आहे. मुलगी कमावती झाली, डोंबिवलीच्या घराचे कर्ज फिटले आणि महिन्याच्या ६०,००० रुपयांच्या खर्चापैकी निम्मा खर्च माझ्या पतीच्या बँकेच्या पेन्शनमधून भागतो. उरलेल्यासाठी वर्षाला ३,६०,००० रुपये लागतात. निवृत्तीच्या पुंजीतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढावेत आणि पुढे महागाईनुसार रक्कम वाढवावी, हा अमेरिकी वित्त सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये मांडलेला ठोकताळा अमेरिकेतील आकड्यांवर बेतलेला आहे; आपल्याकडे ६ टक्के महागाई धरली तरी खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, म्हणून मी ३ टक्केच धरले. त्या हिशेबाने १ कोटी २० लाख रुपये लागतात, आणि भविष्य निर्वाह निधी व बाबांच्या चाळीतल्या खोलीचे पैसे मिळून तेवढे जमलेले आहेत.

हा आकडा पाहून मला आनंद होण्याऐवजी बाबांची आठवण झाली. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणण्याचे माग, चालवत असत. कायम होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते बदली कामगार होते. रोज पाळीच्या भोंग्याआधी गेटवर जाऊन उभे राहायचे आणि कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तर त्याच्या साच्यावर दिवसभराचे काम मिळायचे, असा तो क्रम होता. कोणाला ताप आला की आपल्या घरी त्या दिवसाची मजुरी यायची आणि तिचा आनंद झाल्याची रात्री लाज वाटायची, असे त्यांनी मला पुढे सांगितले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी जे पुन्हा कामावर गेलेच नाहीत, त्यांत बाबा होते. नंतर एका सोसायटीत रखवालदारी करून त्यांनी आम्हाला वाढवले. हातची नोकरी आपण होऊन सोडणे ही कल्पनाही त्या घरात कोणी केली नसती, आणि राजीनाम्याचा विचार करताना माझ्या मनात जी अपराधी भावना येते ती तिथूनच येते.

पण त्याच घराने मला गेटवर उभे राहणाऱ्या माणसाकडे पाहायलाही शिकवले आहे. आमच्या प्रयोगशाळेत ११-११ महिन्यांच्या करारावर काम करणारी एक मुलगी आहे. तिचे शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आणि पगार माझ्या एक तृतीयांशाहून कमी आहे. गरज नसताना मी खुर्ची धरून बसले, तर ती बदलीच राहणार. हे खरे असले तरी पुरेसे खरे नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांची जागा भरलीच गेली नाही. त्यांच्या स्लाइड, म्हणजे थुंकीचा नमुना पसरलेल्या काचपट्ट्या, आम्हा तिघींत वाटून दिल्या गेल्या. मी बाहेर पडल्याने त्या मुलीला न्याय मिळेल असे मानणे म्हणजे मी स्वतःची समजूत घालणे ठरेल.

शिवाय हे काम मला मनापासून आवडते. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्यांसारखे दिसणारे क्षयाचे जंतू शोधत, सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र, अशी निदान १०० क्षेत्रे पाहिल्याशिवाय जंतू नाहीत असे लिहायचे नसते, आणि तो संयम अंगी यायला वर्षे लागतात. आता जीनएक्स्पर्टसारखी यंत्रे सुमारे दोन तासांत निदान करतात व रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला जंतू दाद देणार नाहीत का, हेही सांगतात. मात्र ही यंत्रे मेलेल्या जंतूंचा डीएनएही टिपतात, त्यामुळे औषध चालू असलेल्या रुग्णाची प्रगती त्यांच्यावरून ठरवता येत नाही. तिथे सूक्ष्मदर्शक आणि कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे, लागतेच.

धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, हा दाखला माझी बहीण देते. नोकरी सोड, काम सोडू नकोस, असे तिचे म्हणणे. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे, परंतु माझे काम नोकरीबाहेर अस्तित्वातच नाही. थुंकीची स्लाइड स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाचता येत नाही. ज्यांना लिहायचे, शिकवायचे किंवा संस्था उभारायची आहे, त्यांचा निर्णय माझ्याहून सोपा असतो असे मला वाटते.

म्हणून मी व्यवस्थापनाला पत्र दिले आहे. आठवड्यातून तीनच दिवस येईन, पगार निम्मा घेईन, आणि वाचलेल्या रकमेतून त्या मुलीला कायम करावे, अशी विनंती त्यात लेखी केली आहे. ती मान्य झाली नाही तर मी वर्षअखेरीस बाहेर पडेन. तोपर्यंतचे महिने तिला शिकवण्यात घालवेन, म्हणजे निदान माझे कौशल्य तरी रिकाम्या खुर्चीबरोबर जाणार नाही. पतींना हा आग्रह व्यवहारी वाटत नाही आणि आमचे यावर अजून एकमत झालेले नाही.

पत्राचे उत्तर आलेले नाही. सोमवारी दोघींनी एकच स्लाइड आलटून पालटून पाहिली. ८३व्या क्षेत्रात तिला एक लाल काडी दिसली, आणि मी आधी पाहिले तेव्हा ती माझ्या नजरेतून सुटली होती. तिने नोंदवहीत आकडा लिहिला, सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी पडताळणीच्या रकान्यात सही केली.