न वाजणारा खोडा : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आर्वी तालुक्यातील आमचे वेल्डिंगचे वर्कशॉप २००८ साली सुरू झाले, तेव्हा वखर-डवऱ्याच्या पासा (लोखंडी पाती), बैलबंडीची दुरुस्ती आणि घरांचे लोखंडी दरवाजे एवढाच आमचा धंदा होता. जनावरांना उपचारासाठी आत उभे करण्याची पाइपांची चौकट, म्हणजे खोडा, आम्ही पहिल्यांदा २०११ साली बनवला, आणि तो चुकीचा बनवला. आज आमचे निम्म्याहून अधिक काम खोड्यांचेच असल्यामुळे ही चूक सांगितल्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही.

त्या खोड्याला आम्ही दोन इंची जाड पाइप वापरला होता, मागे साखळी आणि पुढे जड कडी-कोयंडा दिला होता, आणि वरून चकचकीत निळा ऑइलपेंट मारला होता. हत्ती उभा केला तरी हलणार नाही, असे आम्ही अभिमानाने सांगत होतो. पहिल्याच आठवड्यात खांद्याच्या गळवासाठी आणलेला एक गवळाऊ बैल त्यात उभा केला गेला. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याची पांढरी, चपळ आणि धावणारी जात. तिला कोंडलेले मुळीच सहन होत नाही. मागची साखळी खणखणली, बैलाने पुढे धडक दिली, गुळगुळीत फरशीवर त्याचे पुढचे पाय घसरले आणि मान दोन पाइपांच्या मध्ये अडकली. त्याच्या वजनाने कडी इतकी आवळली गेली की हातोड्याने ठोकूनही ती निघेना. हेक्सॉ ब्लेडने पाइप कापेपर्यंत जो वेळ गेला, तो मला आजही आठवतो. बैल वाचला, परंतु मानेची कातडी सोलून निघाली. त्याचा वयस्क मालक माझ्यावर रागावला नाही. त्याने साखळी हातात धरून दोनदा हलवली आणि म्हणाला, “बाबू, ढोराले लोखंडाचा धाक नाई वाटत, ह्या आवाजाचा वाटते.”

मी दुसऱ्याच दिवशी ती साखळी काढून तिच्या जागी सुती कासरा बांधला, आणि तेव्हापासून आमच्या कोणत्याही खोड्याला साखळी लागलेली नाही.

पुढचे शिक्षण तालुक्यातल्या एका पशुवैद्यकांकडून मिळाले. ते उपचार करत असताना मी बाजूला उभा राहून पाहत असे. गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र ठीक पाठीमागचे दिसत नाही आणि जमिनीवरची खोली नीट उमजत नाही. म्हणून उन्हातली पाइपची काळी सावली त्यांना खड्ड्यासारखी भासते आणि चकचकीत रंगावरची तिरीप त्यांना बिचकवते. डॉक्टर कधीही मागून येत नसत. ते बाजूने, दिसतील असे, हलक्या आवाजात बोलत येत आणि सुई काढण्यापूर्वी खांद्यावर तळहात ठेवून काही वेळ तसेच थांबत. जनावर पुढे न्यायचे असेल तर ते खांद्याच्या थोडे मागे सरकत, मागे घ्यायचे असेल तर खांद्याच्या पुढे. शेपूट पिरगाळणे त्यांनी कोणालाही करू दिले नाही. बैल एकटा असेल तर ते मालकाला त्याचा जोडीदार आणायला सांगत आणि तो समोर दिसेल असा बांधत. जन्मभर एका जुवाखाली चाललेला सोबती दिसला की निम्मी धडपड आपोआप थांबते, हे मी स्वतः कितीतरी वेळा पाहिले आहे.

याचा संबंध केवळ दयेशी नाही, हेही त्यांनीच समजावले. घाबरलेल्या जनावराची नाडी, श्वास आणि अंगातील तापमान वाढते, त्यामुळे खरा ताप किती हे कळत नाही. गुंगीचे इंजेक्शनही बिथरलेल्या जनावरावर नीट चालत नाही. दुभती गाय भेदरली की त्या वेळेला पान्हा चोरते, हे तर आपल्या घराघरांत माहीत आहे. आणखी एक गोष्ट ते ठासून सांगत, ती म्हणजे खोडा हा भुलीचा पर्याय नव्हे. शिंगाच्या कॅन्सरचे ऑपरेशन असेल तर शिंगाचे मूळ आणि डोळ्याचा बाहेरचा कोपरा यांच्या मधल्या भागात भूल दिल्याशिवाय ते हत्याराला हात लावत नसत. आमच्या लोखंडाने जनावर जागेवर राहते, दुखणे थांबत नाही, हे खोडे बनवणाऱ्यानेही विसरू नये असे मला वाटते.

आम्ही रचना बदलत गेलो. रंग चमक नसलेला राखाडी केला. मानेच्या पाइपांना भार आला तरी बाहेरून ओढता येणारी खिट्टी दिली, आणि जनावर बसले तर त्याला बाजूने बाहेर घेता यावे म्हणून खालचा आडवा पाइप बिजागरीवर आणला. पायाखाली आणि जिथे जिथे अंग घासते तिथे रबर लावले. हे रबर म्हणजे वणी-चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींतून बाद झालेला कन्व्हेअर बेल्ट. तो भंगारात मिळतो, घसरत नाही आणि लोखंडाचा आवाज गिळतो. सुरुवातीला आम्ही पाइपांना गोणपाट गुंडाळत होतो, परंतु २०२२ साली लंपी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ आली तेव्हा डॉक्टरांनी ते काढायला लावले, कारण प्रत्येक गावानंतर खोडा जंतुनाशकाने धुवावा लागे आणि गोणपाट ओलेच राहत असे. त्याच वर्षी आम्ही ट्रॅक्टरमागे जोडता येणारा चाकांचा खोडा बनवला. लसीकरणाच्या रांगेत एक जनावर हंबरले की सगळी रांग बिथरते, म्हणून सर्वांत आधी गावातली एखादी म्हातारी, सवयीची गाय घ्यावी, ही युक्ती आम्ही खोड्यासोबत फुकट सांगतो.

आमच्याकडील उन्हाळ्याने वेगळाच धडा दिला. पारा ४५ अंशांवर गेल्यावर उघड्यावरच्या पाइपला आपलाच हात लावता येत नाही, मग त्याला मान टेकवणारी म्हैस शांत कशी राहील? तिची कातडी काळी, तिला घामही कमी. त्यामुळे खोडा कडुनिंबाखाली किंवा टिनाच्या छपराखालीच बसवून देतो आणि मे महिन्यातील काम सकाळी आठच्या आत उरकावे असे सुचवतो. जागा उघडी असेल तर ऑर्डर घेत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइके गेली आहेत.

धंद्याची खरी अडचण दराची आहे. अंदाजपत्रकात खोड्याचा दर बहुतेक वेळा लोखंडाच्या वजनावर ठरतो. बेल्ट, बिजागरी आणि खिट्टीची मजुरी त्या हिशेबात बसत नाही, आणि आमच्याहून जाड पाइपचा खणखणता खोडा कागदावर स्वस्त दिसतो. एका ठिकाणचे बिल तर दोन वर्षे अडकून पडले होते. त्या काळात दोन कारागिरांचा पगार सरकीच्या पैशातून द्यावा लागला.

२०११ चा तो पहिला खोडा आम्ही नंतर पदरच्या खर्चाने उचलून आणला. त्याच्या पाइपांची सध्या वर्कशॉपच्या दारात सायकली लावायची घोडी झाली आहे. पोळ्याच्या आधी, खांदमळणीपर्यंत तीन खोडे पोहोचवायचे आहेत आणि वणीहून बेल्टची गाडी अजून यायची आहे.